हप्ता सात जणांचा, घर एकाच्या नावावर: अमेरिकेतल्या हिस्पॅनिक घरमालकांच्या दाटीचं गणित

अमेरिकेतल्या घरबाजाराच्या बातम्यांमध्ये गेली काही वर्षं एक ओळ सारखी येते: हिस्पॅनिक घरमालक वाढताहेत. वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये अंदाज मांडला होता की २०२० ते २०४० या काळात देशातल्या घरमालकांमध्ये जी निव्वळ भर पडेल, तिच्यातले ७० टक्के हिस्पॅनिक असतील. वाचून बरं वाटतं. पण त्याच देशाची सरकारी घरपाहणी उघडली की वेगळंच दिसतं. स्वतःच्या घरात राहणाऱ्या हिस्पॅनिक कुटुंबांमध्ये दाटीवाटीचं प्रमाण गोऱ्या घरमालकांच्या कितीतरी पट आहे, आणि गळकी छपरं, बंद पडणारे हीटर यांच्या तक्रारीही जास्त आहेत.

आपल्याकडे घर घेणं म्हणजे गंगेत घोडं न्हालं. भाड्याच्या खोलीत हाल काढायचे, पोटाला चिमटा घ्यायचा, आणि एकदा स्वतःचं छप्पर झालं की मोकळा श्वास. इथे मात्र छप्पर स्वतःचं झालं तरी श्वास मोकळा होत नाही. असं का होतं, हे समजून घ्यायला आधी दोन-तीन शब्द आणि एक फुटपट्टी नीट पाहावी लागेल.

## हिस्पॅनिक म्हणजे नेमके कोण

स्वतःचं मूळ एखाद्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशात आहे असं जे सांगतात, ते हिस्पॅनिक. २०२० च्या जनगणनेत ते ६ कोटी २१ लाख भरले, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. साधारण दहातले सहा मेक्सिकन मुळाचे. उरलेल्यांत पोर्तो रिको, एल साल्वादोर, क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक आणि बाकी सगळे. ही जात नाही की वंश नाही. माणूस गोरा असू शकतो, काळा असू शकतो, मूळनिवासीही असू शकतो. आडनावावरूनही ठरत नाही. म्हापशाचा डिसोझा न्यू जर्सीत गेला म्हणून हिस्पॅनिक होत नाही, कारण त्याच्या आडनावाचा धागा पोर्तुगालचा.

आणि सगळेच बाहेरून आलेले आहेत असंही नाही. १८४८ पर्यंत आजचा कॅलिफोर्निया आणि नैर्ऋत्येचा मोठा पट्टा मेक्सिकोचाच होता. तिथली जुनी कुटुंबं म्हणतात, आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दच आम्हाला ओलांडून गेली. मायामीतला तीन पिढ्यांचा क्युबन व्यापारी आणि टेक्ससच्या सीमेवरचा शेतमजूर या एकाच शब्दात कोंबलेले आहेत, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या. सरासरी नेहमीच थोडं खोटं बोलते.

आज हिस्पॅनिक कुटुंबांपैकी निम्म्याच्या आसपास कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. गोऱ्या कुटुंबांत हे प्रमाण चारात तीन.

## दाटी मोजायची कशी

फुटपट्टी सोपी आहे. घरात माणसं किती, खोल्या किती, भागाकार करा. खोलीमागे एकाहून जास्त माणूस आला तर घर दाटीचं. दीडच्या वर गेला तर तीव्र दाटीचं.

गंमत आहे ती खोली कशाला म्हणायचं यात. अमेरिकी जनगणना खातं हॉल मोजतं, बेडरूम मोजतं, स्वतंत्र स्वयंपाकघरही मोजतं. बाथरूम, पॅसेज, बाल्कनी धरत नाही. म्हणजे आपला टू-बीएचके तिथे चार खोल्यांचा झाला. त्यात चौघं राहिले तर सगळं ठीक. पाचवा आला, समजा गावाहून आजी आली, की घर दाटीचं. (आपल्या जनगणनेत स्वयंपाकघर सहसा राहण्याची खोली म्हणून धरत नाहीत, त्यामुळे तोच फ्लॅट आपल्याकडे तीन खोल्यांचा.)

प्रश्नावलीत एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. दोन खोल्या वेगळ्या मोजायच्या असतील तर त्यांच्यामध्ये पक्की कमान हवी, किंवा जमिनीपासून छतापर्यंत जाणारी आणि निदान सहा इंच पुढे आलेली भिंत हवी. पडदा चालत नाही. कपाट आडवं लावून केलेली खोली चालत नाही. ज्यांनी आयुष्यभर साडी बांधून 'आतली' आणि 'बाहेरची' खोली केली, त्यांची सगळी कारागिरी या सहा इंचांपुढे बाद.

फुटपट्टीही कायम एकच राहिलेली नाही. १९४० मध्ये, घरांची पहिली जनगणना झाली तेव्हा, खोलीमागे दोनाहून जास्त माणसं असली तर दाटी म्हणत. १९५० मध्ये ती रेघ दीडवर आणली, १९६० मध्ये एकवर. देश श्रीमंत होत गेला तशी गर्दीची व्याख्या नाजूक होत गेली. शिवाय ही फुटपट्टी खोलीचा आकार बघत नाही की माणसांचं वय बघत नाही. दोन खोल्यांत आई-बाप आणि तान्हं बाळ, किंवा त्याच दोन खोल्यांत तीन तरणेबांड मजूर. आकडा दोन्हीकडे दीडच.

देशभरातली सुमारे ३ ते ४ टक्के कुटुंबं या रेघेच्या वर आहेत. भाडेकरूंत जास्त, मालकांत कमी. कॅलिफोर्नियात प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास, आणि तिथली बरीचशी दाटी हिस्पॅनिक घरांमध्ये आहे.

## आणि घर 'धड' आहे की नाही, ते कोण ठरवतं

अमेरिकेचं गृहनिर्माण खातं १९७३ पासून एक पाहणी करून घेतं. आता ती एक वर्षाआड होते. घर सुंदर आहे का, हे कोणी विचारत नाही. प्रश्न अगदी संसारी आहेत. गरम आणि गार दोन्ही पाणी येतं का? घरात फ्लशचा संडास आहे का? गेल्या हिवाळ्यात हीटर सहा-सहा तास बंद पडला, असं तीनदा झालं का? वायरी उघड्या आहेत का? बाहेरून पाणी गळतं का, आतल्या पाइपातून गळतं का? जमिनीला भोक आहे का, भिंतीला फट आहे का? साधारण वहीच्या कागदाएवढा रंगाचा पोपडा किंवा गिलावा कुठे पडलाय का? उंदीर दिसले का?

शेवटच्या सहा देखभालीच्या तक्रारींपैकी तीन किंवा चार असल्या तर घर 'मध्यम अपुरं', पाच-सहा असल्या तर 'तीव्र अपुरं'. पाणी, संडास, वीज, हीटर यांत एखादी मोठी उणीव असली, तर तेवढ्यावरही घर 'तीव्र अपुरं'. देशातली साधारण ५ टक्के घरं या दोन खान्यांत पडतात.

दाटी आणि पडझड या दोन गोष्टी पाहणीत वेगळ्या रकान्यांत येतात. घरात मात्र त्या एकमेकींचा हात धरून फिरतात. चाळीस सीटच्या एसटीत रोज ऐंशी माणसं बसवली तर आधी स्प्रिंग बसतात, मग दार लागेनासं होतं, मग कुठला तरी पत्रा निघतो. एका बाथरूमच्या घरात सात जणांच्या आंघोळी झाल्या की भिंत सुकतच नाही, काळी बुरशी धरते. प्रत्येक खोलीत फ्रिज, हीटर, टीव्ही लागला की जुनी वायरिंग तापते. ड्रेनेजलाइन नसलेल्या भागात सेप्टिक टँक चार माणसांच्या हिशोबाचा असतो, वापरतात नऊ. दुरुस्ती जितकी लवकर लागते, तितका पैसा मात्र शिल्लक नसतो.

## मालक असून दाटी का: एका घराचा हिशोब

एक कुटुंब कल्पनेत उभं करू. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला साउथ गेट, हंटिंग्टन पार्क अशी जवळजवळ पूर्ण हिस्पॅनिक वस्तीची शहरं एकमेकांना चिकटून आहेत. तिथे तीन बेडरूम, हॉल, किचन असं बैठं घर. बाथरूम एक. मागे गॅरेज. नवरा-बायको, दोन मुलं, बायकोची आई, बायकोचा भाऊ आणि नवऱ्याचा पुतण्या. सात माणसं, पाच खोल्या: एक पूर्णांक चार दशांश. दाटी.

घर घेतलं २०१२ च्या सुमारास, मंदीनंतर भाव पडले होते तेव्हा. नवरा ड्रायवॉलचं काम करतो, म्हणजे जिप्समच्या पत्र्यांच्या भिंती उभारतो. बायको ऑफिसं साफ करते. बँकेच्या अर्जावर या दोघांचाच पगार. पण मेहुणा बागकामाचे पैसे रोखीत मिळवतो, पुतण्या हॉटेलात भांडी घासतो, आजी शेजारपाजारची चार मुलं सांभाळते. हे तिघं महिन्याला हातावर जे ठेवतात, त्याच्याशिवाय हप्ता जात नाही. बँकेच्या कागदावर दोन कमावते, घरात पाच.

या सगळ्या लेखातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. आपण समजतो की घर घेतलं तरी बिचाऱ्यांची गर्दी गेली नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा गर्दी आहे म्हणूनच घर घेता आलं. डोकी हाच हप्ता. मेहुणा उद्या वेगळा राहायला गेला तर घराची दाटी कमी होईल आणि दोन महिन्यांत घरही जाईल.

अनामत रकमेचंही तसंच. सरकारी हमीच्या एफएचए कर्जाला किमतीच्या साडेतीन टक्के भरले तरी चालतात. पण तेवढे तरी आणायचे कुठून? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर होती, हिस्पॅनिक कुटुंबाची ६१ हजार ६००. तिकडे बापाकडून चेक येतो. इकडे 'तांदा' लावतात. तांदा म्हणजे थेट आपली भिशी: दहा-बारा जणांनी महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची, दर महिन्याला एकाला सगळी उचल. आणि मग बँकेचा माणूस विचारतो, खात्यात एकदम एवढे पैसे आले कुठून? भिशीची पावती कोण देतं?

अशा रीतीनं जे घर परवडतं ते लहान, जुनं आणि ज्याचं छप्पर बदलायची वेळ कधीच टळून गेलीय असं. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसंही असू शकतं, कारण शिशाच्या रंगावर बंदी त्या वर्षी आली. अमेरिकेच्या बांधकाम कामगारांत साधारण तीनातला एक हिस्पॅनिक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या बंगल्यांवर कौलं चढवायची आणि संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये गळतीखाली बादली सरकवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कर्जबाजारात याची कुणाला कल्पनाच नव्हती असं नाही. फॅनी मे ही गृहकर्जं विकत घेणारी संस्था. तिनं २०१५ मध्ये 'होमरेडी' नावाची योजना आणली, तेव्हा अर्जदार नसलेल्या पण त्याच घरात राहणाऱ्या माणसाची कमाई विचारात घ्यायची मुभा दिली होती. म्हणजे मेहुण्याला पहिल्यांदा कागदावर जागा मिळाली.

## मालक कुणाला म्हणायचं?

जनगणनेच्या भाषेत मालक हा फार सैल शब्द आहे. कर्ज फिटलेलं नसलं तरी मालक. हप्त्यानं खरेदीचा नुसता करार असला तरी मालक. चाकांवर आणलेलं तयार घर, म्हणजे मोबाइल होम, स्वतःचं आहे पण खालची जमीन भाड्याची, तरीही मालक. त्या जमिनीचं भाडं वाढलं तर घर उचलून न्यायचा खर्च इतका की बहुतेक जण मुकाट्यानं भरतात.

याचं सगळ्यात उघडं रूप टेक्ससच्या सीमेवर दिसतं. 'कोलोनिया' म्हणजे स्पॅनिशमध्ये साधी वस्ती. टेक्ससमध्ये मात्र या शब्दाला वेगळाच वास आहे. साधारण १९५० नंतर जमीनमालकांनी शेतीला निरुपयोगी, बऱ्याचदा पूररेषेतली जमीन छोटे तुकडे पाडून मेक्सिकन मजुरांना विकायला सुरुवात केली. पाणी नाही, ड्रेनेज नाही, डांबरी रस्ता नाही. थोडी रक्कम आधी, उरलेली महिन्याच्या हप्त्यानं. करार असा की शेवटचा हप्ता भरेपर्यंत जमीन विकणाऱ्याच्याच नावावर. मधे हप्ता चुकला की भरलेले पैसे गेले, जमीन गेली आणि तिच्यावर बांधलेलं घरही गेलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. गुंठेवारीचा प्लॉट ज्यानं घेतलाय, एनए नाही, नोटरीच्या कागदावर व्यवहार, रस्ता 'पुढे होणार आहे', त्याला हिदाल्गो काउंटीतल्या कोलोनियात नेऊन सोडला तर भाषा सोडून सगळं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की गुंठेवारीत निदान कागद आपल्या हातात असतो.

अशा जमिनीवर बँक बांधकामाला कर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला मालकीच नाही. मग घर पगारातून वाढतं. आधी एक खोली, प्लायवूडची. पुढच्या वर्षी विटा. तिसऱ्या वर्षी बाथरूमची जागा सोडून ठेवलेली. छतातून सळया वर आलेल्या, पुढच्या मजल्याच्या आशेनं. पाणी टँकरनं किंवा पिंपातून. टेक्ससमध्ये अशा दोन हजारांहून जास्त वस्त्या आहेत, माणसं लाखांत. आणि जनगणनेत यातली मोठी संख्या घरमालक म्हणून मोजली जाते. मालकीचा आकडा वाढतो तो असाही.

टेक्ससच्या विधिमंडळानं १९८९ मध्ये या भागात पाणी आणि ड्रेनेज नेण्यासाठी निधीची योजना केली. १९९५ मध्ये असे करार करणाऱ्या विक्रेत्यांना वेसण घातली. २०१५ मध्ये एक मोलाचा बदल झाला: असा करार नोंदवला की मालकी घेणाऱ्याकडे जाते आणि विकणाऱ्याचा उरतो फक्त थकबाकीपुरता बोजा. पण नोंदवला की, हे महत्त्वाचं. ज्याच्याकडे हातानं लिहिलेली पावती आहे, त्याचा प्रश्न तिथेच राहतो.

पोर्तो रिको या अमेरिकेच्याच ताब्यातल्या बेटावर हाच कागद वेगळ्या तऱ्हेनं आडवा आला. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळानं बेटावरची छपरं उडवली. केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाकडे, म्हणजे फेमाकडे, मदतीचे अर्ज गेले आणि मालकी सिद्ध होत नाही म्हणून हजारो नाकारले गेले. आजोबांनी बांधलेलं घर, आजोबा वारले, वारसनोंद कुणी केलीच नाही, तीन भावंडं त्याच जागेत तीन खोल्या काढून राहतात. आपल्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव असतं तसंच. निळी ताडपत्री छपरावर महिनोनमहिने राहिली, काही ठिकाणी वर्षं. मालकीचा पुरावा म्हणून इतर कागद चालतील, असा मोठा बदल फेमानं केला तो सप्टेंबर २०२१ मध्ये, चार वर्षांनी.

## 'पण ही त्यांची संस्कृतीच आहे ना?'

हा आक्षेप गोरे शेजारी घेतात तसा आपले लोकही घेतात. एकत्र कुटुंब, आजी-आजोबा, पाहुणेरावळे. त्यांना आवडतंच तसं.

यात अर्धं खरं आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या हिशोबानं २०२१ मध्ये २६ टक्के हिस्पॅनिक लोक अनेक पिढ्यांच्या घरात राहत होते. गोऱ्यांत १३ टक्के. पण त्याच तक्त्यात आशियाई लोकांचा आकडा २४ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ तेवढाच. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरात बाळंतपणासाठी आलेले आई-बाबा सहा महिने राहतात, तेव्हा घर दाटीचं होत नाही, कारण वर चार बेडरूम आणि खाली बेसमेंट असतं. एकत्र राहणं ही निवड असू शकते. एका बाथरूममध्ये सात जण ही निवड नसते, ती ऐपत असते. दोन्ही गोष्टींना संस्कृती हेच लेबल लावलं की ऐपतीबद्दल बोलायची गरजच उरत नाही, म्हणून तो शब्द सोयीचा.

आणि त्यांची संस्कृती काय म्हणते? दुसऱ्याच्या घरी आश्रयाला राहणाऱ्याला मेक्सिकन स्पॅनिशमध्ये 'आर्रिमादो' म्हणतात. त्यांची म्हण आहे: प्रेत आणि आर्रिमादो, तिसऱ्या दिवशी दोघांना वास मारतो. आपली म्हण जरा सभ्य आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. दाटी कुणालाच गोड लागत नाही, फक्त काहींना परवडत नाही म्हणून ती चालवून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट. कुठल्या वस्तीत घर मिळेल, हे कित्येक दशकं संस्कृतीनं ठरवलेलंच नव्हतं. विक्रीच्या करारातच अट असायची की हे घर मेक्सिकन माणसाला विकायचं नाही. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात अॅलेक्स बर्नाल यांनी अशा गल्लीत घर घेतलं म्हणून शेजारी कोर्टात गेले. बर्नाल जिंकले. पण देशभरच्या अशा अटी कोर्टानं राबवायच्या नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९४८ उजाडलं, आणि घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी करणारा कायदा यायला १९६८.

## 'आम्ही दहा बाय बारात नऊ जण वाढलो, काय बिघडलं?'

माझ्या आजोळीही दोन खोल्यांत नऊ माणसं होती. अमेरिकी फुटपट्टीनं साडेचार. पाहणी करणारा बेशुद्धच पडला असता. पण त्या घराला सामाईक गॅलरी होती, जिना होता, समोर मैदान होतं, कोपऱ्यावर वाचनालय होतं. झोपण्यापुरते सगळे आत, बाकी संसार बाहेर सांडलेला. कॅलिफोर्नियाच्या किंवा टेक्ससच्या उपनगरात बाहेर काय असतं? गाड्यांचा रस्ता. टेक्ससच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीजवळ, फुटपाथ असेलच असं नाही, आणि घरापुढच्या अंगणात रात्री दहा माणसं गप्पा मारत बसली तर शेजारी पोलिसांना फोन करतो. तिथे घर म्हणजे सगळंच: शाळेचा अभ्यास, रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप, आजारी माणसाचा पलंग.

२०२० मध्ये हे फार क्रूरपणे दिसलं. कोविड झाल्यावर 'वेगळ्या खोलीत राहा' हा सल्ला ज्याच्याकडे वेगळी खोली आहे त्याच्यासाठी होता. मेहुणा लोकांच्या बागांत, पुतण्या हॉटेलात, दोघांनाही घरून काम हा पर्याय नाही, आणि झोपायला त्याच घरात आजी. कॅलिफोर्नियातली हिस्पॅनिक लोकांची साथीतली हानी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाबाहेर होती. नोकरी हे एक कारण, घर हे दुसरं.

शिवाय 'काय बिघडलं' हे त्यातून बाहेर पडलेलेच विचारतात. ज्यांचं बिघडलं ते असल्या गप्पांत नसतात.

## 'मग नियम कडक करा, एका घरात किती माणसं ते ठरवा'

हे करून झालंय. व्हर्जिनियातल्या मनासस शहरानं डिसेंबर २००५ मध्ये कुटुंबाची व्याख्याच अरुंद केली. एकूण माणसं मर्यादेत असली तरी मामा, मावशी, भाचा, चुलतभाऊ हे 'कुटुंब' नाहीत, असा नियम केला. शहरात हिस्पॅनिक वस्ती वाढत होती आणि नियम कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओरड इतकी झाली की काही आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. खरं तर १९७७ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलँडच्या अशाच नियमावर फुली मारली होती. तिथे एका कृष्णवर्णी आजीला आपल्या नातवाला घरात ठेवलं म्हणून तुरुंगाची शिक्षा सुनावली होती. दोष एवढाच की तिच्या घरातले दोन नातू एकमेकांचे सख्खे नव्हते, चुलत होते.

किती माणसं, यावर सुरक्षेपुरती मर्यादा घालता येते. भाड्याच्या घरांसाठी बेडरूममागे दोन माणसं हा सर्वसाधारण रास्त हिशोब गृहनिर्माण खातं मानतं. पण साउथ गेटच्या आपल्या कुटुंबाला हा नियम लावून मेहुण्याला बाहेर काढलं तर काय होतं ते आपण वर पाहिलंच. हप्त्यातला एक हात कापला जातो.

हप्ता थकला की काय होतं, हेही या समाजानं अनुभवलंय. २००४ ते २००७ या काळात आधी कमी आणि नंतर फुगत जाणाऱ्या व्याजाची कर्जं हिस्पॅनिक गिऱ्हाइकांच्या गळ्यात प्रमाणाबाहेर मारली गेली. प्यूच्याच हिशोबानं २००५ ते २००९ मध्ये मधल्या हिस्पॅनिक कुटुंबाची मालमत्ता ६६ टक्क्यांनी घटली. घर गेलेली कुटुंबं नातेवाइकांच्या घरात शिरली, आणि त्या नातेवाइकाच्या घरातला आकडा एकाच्या वर गेला. दाटी अशी एका घरातून दुसऱ्या घरात हलते, नाहीशी होत नाही.

## मागचं गॅरेज

मग कमी कशी होईल? खोल्या वाढवून. कॅलिफोर्नियानं २०१६ मध्ये कायदा केला, २०१७ पासून तो लागू झाला आणि नंतर आणखी सैल होत गेला: एका कुटुंबाच्या प्लॉटवर मूळ घराशेजारी एक छोटं दुसरं घर बांधायला, किंवा गॅरेजचं घर करायला, नगरपालिकेला सहजासहजी नाही म्हणता येणार नाही. आग्नेय लॉस एंजेलिसमध्ये लोक गॅरेजमध्ये आधीपासून राहतच होते. चोरून, खिडकी न काढता, एक्स्टेंशन कॉर्डवर हीटर लावून. आता तिथे रीतसर वायरिंग, नळ, खिडकी, बाथरूम करता येतं. खर्च लाखभर डॉलरच्या घरात जाऊ शकतो, आणि तो कुणाला परवडतो हा प्रश्न उरतोच. पण घरात एक ड्रायवॉलवाला असला की मजुरीचा भाग तरी वाचतो.

समजा आपल्या कुटुंबानं ते केलं. मेहुणा आणि पुतण्या मागच्या गॅरेजमध्ये गेले. पुढच्या घरात पाच माणसं, पाच खोल्या: बरोबर एक, दाटी नाही. मागे एकाच खोलीत ओटा, दोन पलंग, दोन माणसं: खोलीमागे दोन, म्हणजे पाहणीच्या भाषेत तीव्र दाटी. कागदावर त्या दोघांची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. त्यांना विचाराल तर ते पहिली गोष्ट सांगतील की आता सकाळी सहाला संडासासाठी रांग लावावी लागत नाही.